कुत्र्याला घेऊन कॅम्परनं फिरायचंय? नागपुरातून निघणाऱ्या दोघांसाठी

नागपुरातून कोणत्याही दिशेला गाडी काढा, दोन-तीन तासांत कुठल्या ना कुठल्या व्याघ्र प्रकल्पाची पाटी दिसतेच. उत्तरेला पेंच, दक्षिणेला ताडोबा, पूर्वेला नवेगाव-नागझिरा, वर्ध्याकडे बोर. आणखी लांब गेलात तर मेळघाट, सातपुडा, कान्हा. पाहुणे आले की आपण हे अभिमानानं सांगतो. कुत्रं सोबत असलं की मात्र ही सगळी फाटकं बंद. त्यात मार्च उलटला की ऊन असं तापतं, की थांबलेल्या गाडीत कुत्रं ठेवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

म्हणून इथून निघणाऱ्या जोडप्यानं ‘काय काय बघायचं’ या यादीपासून सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी ऊन बघा, मग जंगलाची हद्द बघा. या दोन चाळण्यांतून जे उरेल, त्यातून रस्ता आखा. उरतंही बरंच. कॅम्परमध्ये, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीत, कोणता पंखा लावायचा, गादीला कोणतं कापड घ्यायचं, हे त्याच्या नंतर.

महिना आधी ठरवा

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा आपला काळ. दिवसा ऊन सोसण्यासारखं असतं आणि रात्री पांघरूण लागतं. डिसेंबरअखेरीस पारा दहाच्या खालीही जातो. २९ डिसेंबर २०१८ला तर नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. पातळ केसांच्या गावठी कुत्र्याला अशा रात्री गोधडी लागते, हे लक्षात असू द्या. लॅब्रेडॉर किंवा हस्की असेल तर तो उलट दाराच्या फटीशी जाऊन झोपेल.

मार्च ते जून हा विषयच काढू नका. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. घामाच्या थोड्याफार ग्रंथी असतात त्या पंजांना, आणि अंगातली उष्णता तो बाहेर टाकतो ती मुख्यतः धापा टाकून. त्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ते ४१च्या पुढे गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना धापाच नीट टाकता येत नाही, त्यांचं तर फेब्रुवारीतही सांभाळावं लागतं. बंद उभ्या गाडीत दहा मिनिटांत साधारण दहा-अकरा अंशांनी तापमान चढतं. बाहेर ३२ असेल तर चहा पिऊन येईपर्यंत आत ४२. काच चार बोटं खाली ठेवल्यानं यात फारसा फरक पडत नाही.

पावसाळा दिसायला सुंदर, पण आपली काळी माती कॅम्परला सोडत नाही. एक सर पडली की पांदण रस्त्यावर दोन-अडीच टनांची गाडी चाकाच्या निम्म्यापर्यंत रुतते आणि ट्रॅक्टर मिळेपर्यंत तुम्ही तिथेच. शिवाय साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस, गवतातून गोचीड. जुलै ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालू असते, तेव्हा शेताच्या बांधावरून कुत्रं हुंगत फिरणं धोक्याचं. दिवाळी होऊ द्या, मग निघा.

गाडी: भाड्याची की स्वतःची

पहिल्या खेपेला भाड्यानंच घ्या. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन (सरकारी भाषेत कॅम्पर) पर्यटन धोरण आणलं, त्यानंतर भाड्यानं मिळणाऱ्या गाड्या वाढल्या आहेत. बुक करताना तीन गोष्टी लेखी घ्या: कुत्रं चालतं का, केस आणि वासाची सफाई म्हणून अनामत रकमेतून किती कापणार, आणि गाडीचा पर्यटक परवाना मध्य प्रदेशात चालतो का. तिसरा प्रश्न नागपूरकरांनी विसरू नये, कारण इथून सीमा सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे आणि चांगला रस्ता बहुतेकदा तिकडेच वळतो.

चालवण्याचा परवाना हा अनेकांचा धास्तीचा विषय असतो. हलक्या मोटार वाहनाचा साधा परवाना असेल तर एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचं वाहन, अगदी पिवळ्या पाटीचंही, चालवता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलं. फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरवर बांधलेली नेहमीची कॅम्पर त्यात आरामात बसते.

स्वतःची गाडी बदलून घ्यायची असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ माहीत असू द्या. गाडीचं मूळ रूप नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे आणि खासगी वापराची कॅम्पर बिगरवाहतूक वाहनांत धरली जाते. आरटीओचा खटाटोप नको असेल तर सोपा मार्ग असा: मारुती ईको किंवा तत्सम गाडीत काहीही कापाकापी, वेल्डिंग न करता, काढता-घालता येणारा लाकडी पलंग, खालचे खण आणि सुटी बॅटरी बसवायची. सीट काढण्याआधी आणि वायरिंगला हात लावण्याआधी विमा कंपनीला मात्र कळवा. शॉर्टसर्किटनं आग लागली तर दावा इथेच अडतो.

दोघं आणि कुत्रं म्हणजे आत तिघांची ये-जा. कुत्र्याची जागा पलंगाखाली नको, तिथे हवा खेळत नाही. पुढच्या सीटच्या मागे, जमिनीवर, रबरी चटई टाकून ठरावीक जागा द्या आणि ती बदलू नका. मोठ्या गाडीत पुढच्या एसीची हवा मागे पोहोचत नाही. तुम्हाला गार वाटत असतं आणि मागे जमिनीलगत पाच-सहा अंश जास्त असतात. दोनशे-तीनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर कुत्र्याच्या उंचीवर लावा आणि त्याचा आकडा पुढून दिसेल असा ठेवा. माझ्या मते सगळ्या गाडीत सगळ्यात कामाची वस्तू हीच.

गाडी चालू असताना कुत्रं बांधलेलं हवं: छातीवरून जाणारा हार्नेस आणि त्याला सीटबेल्टमध्ये अडकणारा आखूड पट्टा. गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नका, करकचून ब्रेक लागला तर मानेला इजा होते. पिंजरा वापरत असाल तर पिंजराही गाडीला आवळलेला हवा. चालकाच्या मांडीवर कुत्रं बसवून काढलेले व्हिडिओ पाहून कुणाला गोड वाटत असेल, मला धडकी भरते.

वीज आणि पाणी: एकदा हिशेब करून टाका

१२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण १,२८० वॉट-तास देते. तेवढ्याच मापाच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, नाहीतर ती लवकर मरते. छोटा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला चारशे-पाचशे वॉट-तास खातो. पंधरा-वीस वॉटचा पंखा रात्रभर चालला तर दीड-दोनशे. दिवे आणि मोबाइल किरकोळ. म्हणजे हिवाळ्यात एका बॅटरीवर एक रात्र नि दिवस निघतो, आणि छतावरचं २०० वॉटचं सौर पॅनेल विदर्भातल्या निरभ्र उन्हात त्यातलं बरंचसं भरून काढतं. एक टनाचा एसी हजार-बाराशे वॉट घेतो. या बॅटरीवर तो तासभरच चालेल. ‘कुत्रं एसीत ठेवून आपण फिरून येऊ’ हा बेत म्हणूनच कागदावरच ठेवा. एसी हवाच असेल तर जिथे जोडणीची वीज मिळते अशा रिसॉर्टच्या आवारात मुक्काम करा.

दुपारी उकडायला लागलं तर नागपूरकराला कूलर शिकवायला नको. खिडकीला ओलं सुती कापड, त्यामागे बॅटरीचा पंखा. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाच-सहा अंश सहज उतरतात. पावसाळ्यात याचा काही उपयोग नाही.

पाणी दोघांना वापरायला दिवसाला वीस-पंचवीस लिटर धरा. कुत्र्याला वजनाच्या दर किलोमागे ५० ते ६० मिली, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला लिटर-सव्वा लिटर. चालणं झालं किंवा ऊन असलं तर दीडपट. पिण्याचं पाणी घरूनच न्या. गावोगावचं पाणी बदललं की आपल्याआधी कुत्र्याचं पोट बिघडतं.

स्वयंपाकाला पाच किलोचा सिलिंडर पुरतो. तो उभा आणि पट्ट्यानं बांधलेला ठेवा, गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. शेगडी पेटवताना दार उघडं. थंडीत आत कोळशाची शेगडी ऊब म्हणून ठेवायची कल्पना कुणी सुचवली तर त्याला गाडीत घेऊ नका. कोळशातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग.

निघण्याच्या महिनाभर आधी: डॉक्टर

नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, शिवाय तुमचे नेहमीचे डॉक्टर असतीलच. त्यांना चार प्रश्न विचारा. रेबीजची लस वर्षाच्या आत झाली आहे का? लेप्टोचा समावेश असलेली एकत्रित लस झाली आहे का? गोचीड प्रतिबंधक गोळी कोणती द्यायची? गाडी लागत असेल तर काय द्यायचं? गोचिडांची गोळी निघायच्या आठवडाभर आधी देऊन ठेवा, म्हणजे सोसते की नाही तेही कळतं. गाडी लागण्यावर मॅरोपिटंट नावाचं चांगलं औषध आहे, पण मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडूनच घ्या.

लसीकरणाचं पुस्तक, महापालिकेकडे केलेली कुत्र्याची नोंदणी आणि त्याचे दोन स्पष्ट फोटो एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. गळ्यातल्या बिल्ल्यावर कुत्र्याच्या नावाऐवजी तुमचा मोबाइल नंबर मोठा हवा. पुढे सुचवलेल्या फेरीत मध्य प्रदेशातली छिंदवाडा आणि सिवनी ही दोन्ही जिल्ह्याची गावं आहेत, तिथे पशुचिकित्सालय मिळतं. ते कुठे आहे आणि किती वाजता बंद होतं हे घरूनच विचारून ठेवा. रात्री आठ वाजता अनोळखी गावात डॉक्टर शोधणं फार अवघड जातं.

औषधांची पेटी फार मोठी नको:

- गॉज, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन
- गोचीड काढायचा चिमटा, बारीक टोकाची कात्री
- सलाईनची छोटी बाटली, डोळे आणि जखम धुवायला
- ओआरएसची पाकिटं
- डॉक्टरांनी लिहून दिलेलं उलटीचं आणि जुलाबाचं औषध
- मुसकं. स्वभावानं गरीब असलं तरी दुखत असताना कुत्रं चावतं

माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला देऊ नका. अर्ध्या गोळीनंही मूत्रपिंड किंवा यकृत जाऊ शकतं.

सराव

कुत्र्याला आधी उभ्या गाडीत जेवायला द्या. दोन-तीन दिवसांनी इंजिन चालू ठेवून. मग फुटाळ्यापर्यंत एक चक्कर, मग काटोल रोडनं अर्धा तास. पोहोचल्यावर लगेच खाली उतरवून थोडं फिरवा, म्हणजे गाडी म्हणजे फक्त डॉक्टरकडे जाणं नव्हे हे त्याला कळतं. आमची चिंगी, गावठी, आधी गाडीचं दार दिसलं की सोफ्याखाली जायची. आता किल्ली वाजली की दारात उभी असते.

एक रात्र घरासमोर गाडीतच झोपून बघा. शेजारी हसतील, हसू द्या. कुत्रं रात्री किती वेळा उठतं, दोघांपैकी कुणाच्या पायावर झोपतं, पंखा कुणाला लागतो, ही भांडणं घराजवळच झालेली बरी.

रस्ता: एक पक्की फेरी

पहिल्या सहलीसाठी मी हीच फेरी सुचवते: नागपूर, रामटेक, सिवनी, छिंदवाडा, तामिया, सौंसर, सावनेर, नागपूर. सगळी मिळून साडेचारशे-पाचशे किलोमीटर, चार मुक्कामांत निवांत. दिवसाला दीडशेच्या वर गाडी चालवू नका. सकाळी साडेसहाला निघा, दहा-साडेदहाला सावली शोधून थांबा, पुन्हा साडेतीननंतर हलायचं आणि अंधारापूर्वी मुक्कामाला. दर दोन तासांनी दहा मिनिटं कुत्रं उतरवायचं, आधी पाणी मग फिरणं.

पहिला दिवस मुद्दाम लहान ठेवा. कामठी, कन्हान, मनसर करत रामटेकला पन्नासेक किलोमीटर होतात. काही विसरलं असेल, नळ गळत असेल, तर घर तासाभरावर आहे. गडावर कुत्रं नेऊ नका; वरच्या माकडांची टोळी कुत्रं दिसलं की चवताळते आणि चिंगीसारखं कुत्रं त्यांच्यामागे पायऱ्यांवरून धावतं. एकानं दर्शनाला जायचं, दुसऱ्यानं खाली थांबायचं, मग अदलाबदल. हा पाळीपाळीचा नियम सगळ्या सहलीत लागू. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकातही जनावर नेता येत नाही, तिथेही हेच. दोघांनी मिळून काढलेले फोटो कमी येतात, एवढी तयारी ठेवा. संध्याकाळ खिंडसी तलावाच्या बाजूला छान जाते. पट्टा मात्र हातात, आणि पाण्यात सोडायचं तर लांब दोरीवर.

दुसरा दिवस सगळ्यात सावध राहायचा. मनसरहून राष्ट्रीय महामार्ग ४४नं देवलापार, खवासा, कुरई घाट करत सिवनी. हा पट्टा पेंचच्या जंगलातून जातो. महामार्गाखालून वाघ-हरणांना जायला मोठे भुयारी मार्ग ठेवले आहेत, त्यातला महाराष्ट्राच्या हद्दीतला सर्वांत लांब ७५० मीटरचा. रस्त्यावरून जाताना ते फारसे जाणवत नाहीत, वाटतं नुसताच पूल आहे. इथे कुत्र्याला लघवीला उतरवण्यासाठीही थांबू नका. मनसरला थांबा, मग थेट सिवनीच्या अलीकडे.

का, तेही सांगते. एक तर कुत्रं हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे. दुसरं कारण उलट्या बाजूचं. कुत्र्यांमधला कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणू वाघ-सिंहांनाही होतो. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह दगावले तेव्हा काहींच्या शरीरात तोच सापडला होता. तुमच्या कुत्र्याची लस झालेली असेलही, पण फाटकावरचा वनरक्षक प्रत्येकाचं पुस्तक वाचत बसणार नाही, आणि त्यानं बसूही नये. सफारी करायचीच असेल तर ती वेगळी सहल, कुत्रं नातेवाइकांकडे ठेवून. ‘गाडीतच ठेवतो, खाली उतरवत नाही’ ही विनंती करून फाटकावर हुज्जत घालणारे लोक पाहिले की लाज वाटते.

सिवनीहून छिंदवाडा सत्तरेक किलोमीटर, रस्ता मोकळा, मक्याची शेतं. छिंदवाड्यात पेट्रोल, भाजी, वापरायचं पाणी भरून घ्या.

तिसरा दिवस तामिया. सातपुड्याच्या कड्यावरचं गाव, खाली पाताळकोटची दरी, तिच्या तळाशी भारिया आदिवासींची गावं. कड्याला सगळीकडे कठडा नाही. कुत्र्याला दोरी आखूड धरा, धुकं असेल तर कड्यापासून लांबच राहा. दरीत उतरायचं असेल तर पुन्हा पाळीपाळीनं. खाली लोकांच्या कोंबड्या-शेळ्या मोकळ्या असतात आणि एका झडपेत तुमची सहल नि त्यांचं नुकसान दोन्ही होतं. इथून पचमढी जवळ आहे म्हणून मोह होईल. पचमढीतली बहुतेक ठिकाणं सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहेत, तेव्हा तिथे जाऊन कुत्र्यासह गाडीत बसून राहायचं असेल तरच जा.

परतीला सिल्लेवानी घाटानं सौंसर. इथे बोली पुन्हा आपली होते आणि संत्र्याच्या बागा सुरू होतात. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची तोड चालू असते. बागवानाला विचारलंत तर बागेत गाडी लावू देतात, झाडाखालची सावली काही औरच. संत्र्याची एखादी बिनबियांची फोड कुत्र्याला चालते, साल नको. घाटात गाडी मी चालवते, कारण वळणावर आमच्या यजमानांचा पाय ब्रेकवरून उठत नाही. घाटापूर्वी तीन-चार तास कुत्र्याला पोटभर खायला देऊ नका, उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरवा.

आणि समृद्धी? नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर, गुळगुळीत, ताशी १२०ची मर्यादा. कामाला जायचं असेल तर उत्तम. पण कुत्र्यासह सहलीला मी तो घेत नाही. मध्ये कुठेही थांबायला मनाई, सावली नाही, वाटेत उतरायचं तर इंटरचेंजपर्यंत जायचं. लांब सरळ काँक्रीटवर जड गाडीची टायरं तापतात, डोळ्यांवर झापड येते. घ्यायचाच झाला तर टायर थंड असताना हवा तपासा आणि ताशी ऐंशीच्या आत राहा.

मुक्काम कुठे

कॅम्परसाठी राखीव जागा आपल्याकडे मोजक्याच. व्यवहारात चार पर्याय उरतात: मोठा ट्रकवाल्यांचा ढाबा, मॅनेजरला विचारून पेट्रोल पंपाचं आवार, पर्यटन महामंडळाचं किंवा खासगी रिसॉर्ट, आणि ओळखीच्या नाहीतर विचारून घेतलेल्या शेतकऱ्याचं खळं. मला शेत आवडतं. उजेडात पोहोचा, मालकाला भेटा, चहा घ्या. रामटेककडच्या एका काकांचं उत्तर अजून कानात आहे: “लावा ना बापा गाडी, पण कुत्रं आतच ठेवजा राती. बिबट येते.”

ते शब्दशः घ्या. दिवस मावळला की कुत्रं गाडीच्या आत, दार बंद, जाळीची खिडकी उघडी. तंबूत किंवा गाडीखाली बांधून ठेवणं विदर्भात चालत नाही. शेवटची लघवीची फेरी अंधारापूर्वी. रात्री गरज पडलीच तर दोघांनी उतरायचं, एकाकडे दोरी, दुसऱ्याकडे मोठा टॉर्च. घोणस, नाग, मण्यार तिन्ही आपल्याकडे आहेत. आणखी एक धोका बाहेरच्यांना माहीत नसतो: रानडुकरांसाठी काही जण रात्री कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. हे बेकायदेशीर आहे, तरी चालतं. शेतमालकाला सरळ विचारा, “कुठं करंट लावता का?” त्याच्या शेजाऱ्याचंही विचारा.

ढाब्यावर अडचण वेगळी. तिथल्या कुत्र्यांची टोळी असते आणि आवार त्यांचं. स्वयंपाकघराजवळ गाडी लावू नका. उतरण्याआधी दोन मिनिटं दार बंद ठेवून बघा कोण कुठे आहे. टोळी आली तर कुत्र्याला उचलून घेण्यापेक्षा आपण मध्ये उभं राहून सावकाश मागे सरकत गाडीत शिरा. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवा. माणसाला असो वा कुत्र्याला, त्याच दिवशी डॉक्टरकडे.

खाणं

घरी जे खातं तेच. सहलीत नवं खाद्य सुरू करू नका. कोरडं खाद्य नेत असाल तर दिवसाच्या मापाच्या पुड्या बांधा. भात-चिकन खाणारं असेल तर पहिल्या दिवसापुरतं शिजवून फ्रीजमध्ये, पुढे रोजचं रोज. कांदा, मनुका, द्राक्षं, चॉकलेट, झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम हे कुत्र्याला विष आहे. कांद्यामुळे आपले तर्री-पोहे आणि चिवडा दोन्ही बाद, आणि सावजीची हाडंसुद्धा: शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं, आतड्याला भोक पाडतं. ढाब्यावरची पोरं प्रेमानं हाड टाकतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

ऊन लागलं तर

हिवाळ्यातही दुपारी खेळून, धावून होतं. खुणा: धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट, हिरड्या लालभडक, पाय लटपटतात, उलटी. लगेच सावलीत न्या. पोट, मांड्यांची आतली बाजू आणि पंजे साध्या पाण्यानं भिजवा, पंखा लावा, घोट-घोट पाणी द्या. बर्फाचं पाणी ओतू नका.  ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, तो तापतो. थोडं सावरलं तरी डॉक्टरकडे न्या, कारण आतला परिणाम दुसऱ्या दिवशी दिसतो.

डांबरी रस्त्याची परीक्षा सोपी: हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून ठेवता येत नसेल तर कुत्र्याला चालवू नका.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं

हिवाळ्यात गवत वाळलेलं असतं, त्यामुळे कुसळं आणि सराटे. कुसळ बोटांच्या बेचक्यात, कानात शिरतं आणि आत आत जात राहतं. रोज मुक्कामाला पोहोचलं की आधी पंजे, मग कान, मग काखा आणि शेपटीचं मूळ हातानं चाचपून बघा. गोचीड दिसला तर चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. रॉकेल, काडेपेटी असले गावठी उपाय नकोत. कुत्रं एकसारखं डोकं झटकत असेल किंवा एकच कान खाजवत असेल तर कुसळ आत गेलंय असं समजा आणि स्वतः काढायला जाऊ नका.

शी पिशवीत उचला, नाहीतर पाण्यापासून लांब वीतभर खोल पुरा. शेतकऱ्याच्या खळ्यावर हे केलंत तर पुढच्यालाही तिथे जागा मिळते. गाडीतल्या शौचालयाची टाकीही नाल्यात किंवा रस्त्याकडेला रिकामी करू नका. रिसॉर्टमध्ये किंवा घरी आणून संडासातच.

महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, अपघात किंवा कोणतंही संकट असेल तर ११२. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा नंबर आहे. तो मुख्यतः गाई-म्हशींसाठी, तरी जवळचा सरकारी डॉक्टर कोण हे त्यावरून कळू शकतं.

घरी आल्यावर कुत्र्याला आंघोळ, गाडीच्या गाद्या दिवसभर उन्हात. पुढचे तीन आठवडे त्याच्या खाण्यावर लक्ष ठेवा. गोचिडाचा ताप चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी वर येतो. जेवण सोडलं, हिरड्या फिक्या दिसल्या, लघवी गडद झाली किंवा नाकातून रक्त आलं तर डॉक्टरांना फिरून आल्याचं आवर्जून सांगा आणि रक्त तपासून घ्या.